प्री-सेशनल इंग्रजी: ब्रिटिश विद्यापीठांच्या उन्हाळी कोर्सात पैसे घालावेत का?

ब्रिटनमधल्या एमएस्सीचं ऑफर लेटर येतं आणि त्यात अट असते: आयईएलटीएस ६.५, एकाही विभागात ६.० पेक्षा कमी नको. इकडे रायटिंगमध्ये ५.५ पडलेले असतात. मग विद्यापीठच दुसरा रस्ता दाखवतं: पदवी सुरू होण्याआधी आमच्याकडे प्री-सेशनल इंग्रजी करा, पास झालात की आयईएलटीएस पुन्हा द्यायला नको. परीक्षेची फी दुसऱ्यांदा भरण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी पट महाग आहे. फी आठवड्यांच्या हिशेबाने पौंडांत, वर तितक्या आठवड्यांचं घरभाडं आणि जेवण.

आमचं मत आधीच सांगतो. फक्त अर्धा बँड (म्हणजे आयईएलटीएसचा अर्धा गुण) भरून काढायचा असेल तर पुण्यात किंवा नागपुरात बसून दोन महिने रायटिंगची तयारी करा आणि परीक्षा पुन्हा द्या, ते स्वस्त पडेल. पण ज्याने कॉलेजात कधी संदर्भ देऊन दोन हजार शब्दांचा निबंध लिहिलेला नाही, त्याच्यासाठी चांगला प्री-सेशनल सोन्यासारखा आहे. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनीअरिंग आणि कॉमर्सच्या मुलांनी तो लिहिलेला नसतो. आणि कोर्स चांगला की वाईट हे ओळखायची आमची कसोटी एकच: तुमचा कच्चा खर्डा शिक्षक किती वेळा वाचून परत देतो?

कोर्सची लांबी तुमच्या गुणांवर ठरते. अर्धा बँड कमी असेल तर साधारण सहा ते दहा आठवडे, त्याहून जास्त कमी असेल तर पंधरा किंवा वीस. प्रत्येक विद्यापीठाचा तक्ता वेगळा असतो, आणि तो एकूण गुणांबरोबर प्रत्येक विभागाचे गुणही बघतो. दहा आठवड्यांचा कोर्स जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला सुरू होतो, सहा आठवड्यांचा ऑगस्टच्या आसपास, आणि दोन्ही सप्टेंबरात संपतात. आठवड्याला पंधरा ते वीस तास वर्ग, जवळजवळ तेवढाच वेळ स्वतःचा अभ्यास. वर्गात बारा ते अठरा मुलं असावीत. त्याहून जास्त असतील तर खर्डे तपासायला शिक्षकाकडे वेळ कुठून येणार?

आयईएलटीएस आणि विद्यापीठ यांत नेमका फरक काय, तो इथे समजून घ्यायला हवा. आयईएलटीएसच्या दुसऱ्या लेखन-प्रश्नात चाळीस मिनिटांत अडीचशे शब्द लिहायचे असतात. विषय समोर येतो, तुम्ही स्वतःचं मत मांडता, उदाहरण मनाने दिलं तरी चालतं. एकही लेख वाचावा लागत नाही. विद्यापीठात नेमकं उलटं. तिथे तुमचं मत कुठल्या वाचनातून तयार झालं ते वाक्यावाक्याला दाखवावं लागतं. म्हणून रायटिंगमध्ये ७ मिळवलेला मुलगाही पहिल्या असाइनमेंटला अडखळतो. ब्रिटनमधली एमएस्सी बहुतेक ठिकाणी एका वर्षाची असते, त्यामुळे चुकत चुकत शिकायला दुसरं वर्ष मिळत नाही. पहिलं लेखन द्यायची वेळ बऱ्याचदा दिवाळीच्या आसपासच येते.

चांगल्या कोर्सचा कणा म्हणजे एक मोठा निबंध, पंधराशे ते तीन हजार शब्दांचा, शक्यतो तुमच्याच विषयातला. पहिल्या आठवड्यात विषय, मग प्रश्न अरुंद करणं, मग सहा-आठ लेख वाचून टिपणं, आराखडा, पहिला खर्डा, दुसरा खर्डा, शेवटची प्रत. पहिल्या खर्ड्यावर शिक्षक व्याकरणाला हात लावत नाही. मुद्द्यांचा क्रम बघतो, परिच्छेद कुठे भरकटला ते बघतो, पुरावा कुठे नाही ते दाखवतो. मग पंधरा-वीस मिनिटं एकट्या विद्यार्थ्याला समोर बसवून बोलतो. भाषा दुसऱ्या खर्ड्याला, तीही समासात खुणा करून: इथे आर्टिकल चुकलं, इथे शब्द चुकीचा. दुरुस्त तुम्ही करायचं. शिक्षकाने लाल पेनाने सगळं दुरुस्त करून दिलं तर पुढच्या निबंधात त्याच चुका परत येतात, आणि हे आपल्या मुलांना पटायला दोन आठवडे लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडताना. उदाहरण मराठीतच घेऊ. समजा मूळ लेखात वाक्य आहे: ‘उसाची तोडणी लांबली की मजुरांची मुलं शाळेत उशिरा परततात आणि वार्षिक परीक्षेला मुकतात.’ विद्यार्थी लिहितो: ‘ऊसतोडणीला विलंब झाला की कामगारांची लेकरं विद्यालयात उशिरा येतात आणि वर्षाची परीक्षा चुकवतात.’ त्याच्या मते हे स्वतःचे शब्द झाले. पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आहे, फक्त प्रत्येक खुंटीवरचा सदरा बदलला. ब्रिटिश विद्यापीठात हे वाङ्मयचौर्यात मोजलं जाऊ शकतं, खाली संदर्भ दिला तरीही. योग्य पद्धत अशी: लेख बंद करायचा, हा मुद्दा मला कशासाठी हवाय ते ठरवायचं आणि मग लिहायचं: ‘साखर हंगाम आणि शैक्षणिक वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि त्याची किंमत मजुरांची मुलं परीक्षा हुकवून मोजतात’, पुढे लेखकाचं आडनाव आणि साल. वाक्य तुमचं, विचार त्यांचा, आणि श्रेय स्पष्ट. हे एकदा दाखवून जमत नाही. दहा-बारा वेळा करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तपासावं लागतं. कोर्सची फी खरी इथे वसूल होते.

निबंध दुसऱ्या मजकुराशी किती जुळतो ते तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरबद्दल गैरसमज फार आहेत. ते साम्य मोजतं, चोरी ठरवत नाही. संदर्भयादी आणि अवतरणचिन्हांतला मजकूरही साम्यात धरला जाऊ शकतो, त्यामुळे पंधरा टक्के दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही आणि चार टक्के दिसले म्हणून निर्धास्त राहायचंही नाही. वर दिलेलं सदरा बदललेलं वाक्य त्याच्या नजरेतून सुटू शकतं. शिक्षकाच्या सुटत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे क्रियापदं. मराठीत आपण किती बारकाईने बोलतो बघा: अमुक म्हणतात, मांडतात, दावा करतात, सुचवतात, दाखवून देतात, मान्य करतात. ‘दावा करतात’ म्हटलं की आपल्याला अजून खात्री नाही, ‘दाखवून देतात’ म्हटलं की पुरावा पटलाय. इंग्रजीत आलं की तोच मुलगा सगळीकडे ‘सेड’ लिहून मोकळा होतो. ‘सजेस्ट्स’, ‘क्लेम्स’, ‘आर्ग्यूज’, ‘डेमन्स्ट्रेट्स’ यांत नेमका तोच फरक आहे. तो मराठीतून आधीच आपल्या हाडात आहे, फक्त इकडून तिकडे न्यायचा आहे. तसंच ठामपणाचं. ‘सोशल मीडिया हॅज डिस्ट्रॉइड रीडिंग’ हे वर्तमानपत्राच्या पत्रात चालेल, निबंधात ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड टू’ लागतं. कोणाचं वाचन, किती कमी झालं, कुठल्या पाहणीत, हेही सांगावं लागतं.

मराठी घरातून आलेल्यांच्या काही चुका ठरलेल्या आहेत. इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही आर्टिकल्स आपल्या भाषेत नाहीत, म्हणून ती गळतात किंवा नको तिथे येतात. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येतं. आकडे लाखांच्या पद्धतीने लिहिले जातात, स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतो आणि वाचणारा गोंधळतो. तिथे एक लाख म्हणजे शंभर हजार. बोलताना ‘व’ एकच, त्यामुळे ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखेच ऐकू येतात. पण उच्चारापेक्षा शब्दातला जोर जास्त त्रास देतो. ‘डिव्हेलप’मध्ये जोर ‘व्हे’वर हवा, तो ‘डि’वर पडला की ऐकणारा क्षणभर थांबतो.

इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ब्रिटनच्या बऱ्याच प्री-सेशनल वर्गांत चिनी विद्यार्थ्यांची संख्या सर्वांत जास्त असते, आणि बोलण्याचे तास त्यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. भारतीय मुलं बोलण्यात सरस असतात, म्हणून त्यांना तिथे कंटाळा येतो आणि आपल्याला सगळं येतंय असं वाटू लागतं. तो गैरसमज महागात पडतो. सेमिनारच्या गुणांत भाषेच्या ओघाबरोबर आणखी काही बघतात: दुसऱ्याचा मुद्दा ऐकून त्यावर पुढे गेलात का, वाचलेल्या लेखाचा आधार दिलात का, गप्प बसलेल्याला बोलतं केलंत का. सलग तीन मिनिटं अस्खलित बोलणाऱ्याला कमी गुण पडताना दिसतात, आणि कारण हेच असतं.

ऐकण्याच्या बाबतीत आमची तक्रार आहे. बऱ्याच कोर्समधली ध्वनिमुद्रणं फार स्वच्छ असतात. खऱ्या व्याख्यानात प्राध्यापक ग्लासगोचे असू शकतात, मधेच विषय सोडतात, विनोद करतात, परत येतात. पन्नास मिनिटांचं खरं व्याख्यान, तेही विभागातल्या प्राध्यापकाचं, निदान आठवड्यातून एकदा ऐकवत असतील तर तो कोर्स घ्या.

ऑनलाइन कोर्स २०२० नंतर सगळीकडे आले. भाडं आणि विमानाचा खर्च वाचतो, आणि लेखनाचं मार्गदर्शन पडद्यावरूनही चांगलं होऊ शकतं. पण भारतात आणि ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यामुळे काही वर्ग रात्री येतात. ग्रंथालय, बँक, घर शोधणं हे सगळं मग पदवीच्या पहिल्या आठवड्यावर येऊन पडतं. हातात पैसा असेल तर दहा आठवडे प्रत्यक्ष जाऊन करा. सहा आठवड्यांच्या कोर्सबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही: पहिला आठवडा स्थिरावण्यात जातो, शेवटचा परीक्षेत, आणि खर्डा एकदाच तपासून होतो.

आता कागदपत्रं, कारण गाडी खरी इथे अडकते. व्हिसाच्या हिशेबात पदवीसाठी बी२ पातळी लागते, म्हणजे आयईएलटीएसच्या चारही विभागांत किमान ५.५. एखाद्या विभागात त्याखाली असाल तर साधी आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिक पुरत नाही, ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्य असलेली आयईएलटीएस, द्यावी लागते. परीक्षा तशीच असते, नोंदणी मात्र वेगळी, आणि चुकीची नोंदवली तर फी वाया. प्री-सेशनल तीन महिन्यांपेक्षा मोठा नसेल आणि तो संपल्यावर महिन्याभरात मुख्य कोर्स सुरू होत असेल, तर दोन्हींसाठी एकच कॅस (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा प्रवेशाचा दाखला) मिळू शकतो. त्यासाठी तुमच्या ऑफरवर दुसरी कुठली अट शिल्लक नसावी लागते. आणि आपल्याकडे शेवटच्या सत्राचा निकाल जून उलटला तरी लागलेला नसतो. निकाल नाही म्हणून ऑफर पक्की नाही, म्हणून कॅस नाही, म्हणून दहा आठवड्यांचा कोर्स हातून जातो. विद्यापीठाला मेमध्येच विचारून ठेवा: तात्पुरतं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालेल? क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, ते आधीच काढून ठेवा. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्रात प्री-सेशनलची फी स्वतंत्र लिहून घ्या.

पैसे भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून चार प्रश्न विचारा. कोर्सला बीएएलईएप या शैक्षणिक इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या संस्थेची मान्यता आहे का? ती खास शैक्षणिक इंग्रजीसाठी असते, साध्या भाषावर्गांसाठी नाही. किती खर्डे तपासले जातात? शिक्षक विद्यापीठाचे आहेत की कोर्स खासगी कंपनीला दिलाय? आणि नापास झालो तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. कोर्स करून नापास झालेला विद्यार्थी सप्टेंबरात पदवीला बसू शकत नाही, आणि पुन्हा परीक्षा द्यायची सोय सगळीकडे नसते.

गुणांची सवयही बदलावी लागते. तिथे पदव्युत्तर पातळीवर सहसा पन्नासला पास, सत्तरला डिस्टिंक्शन. बारावीत नव्वद मिळवलेल्या मुलाला बासष्ट पडले की तो खचतो. बासष्ट चांगले आहेत, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर आयईएलटीएसमधून सूट मिळालेल्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. त्यांना प्री-सेशनल कोणी सुचवत नाही, आणि लेखनाचा सराव तर त्यांचाही तितकाच कच्चा असतो. त्यांच्यासाठी इन-सेशनल वर्ग असतात, पदवी चालू असताना, आणि बहुतेक विद्यापीठांत ते फुकट असतात. जागा पहिल्या पंधरवड्यातच भरतात.

घरून निघण्याआधी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. मँचेस्टर विद्यापीठाची ‘अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक’ उघडा. मर्यादा मान्य कशी करावी, दोन मतांची तुलना कशी करावी, अशा कामांनुसार तयार वाक्यरचना तिथे लावून ठेवल्या आहेत. शब्दांसाठी अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ‘अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत, दहा गटांत, जास्त वापराची आधी. पहिले तीन गट, म्हणजे १८० कुळं, दिवसाला सहा धरली तर महिन्यात होतात. शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या शेजारी कोण बसतं तेही लिहा: ‘रिसर्च’ आपण ‘कंडक्ट’ करतो, ‘मेक’ करत नाही. आणि तुमच्या विषयातला एक संशोधन-लेख निवडून त्याच्या प्रस्तावनेतली सगळी क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करा. लेखक कुठे ठामपणे बोलतो आणि कुठे हात राखून, ते दुसऱ्या पानावर पोहोचेपर्यंत दिसायला लागतं.