टेक्सस की सिनसिनाटी, बीफ चिली करायची तर कुठली?

हिवाळा लागला की इकडे अमेरिकेत नवीन आलेलं कोणीतरी विचारतंच, चिली (म्हणजे मिरची-मसाल्यात मंद शिजवलेलं मांस) करायचीय, रेसिपी दे ना. मी आधी विचारते, कुठली? कारण टेक्ससची आणि ओहायोतल्या सिनसिनाटी शहराची चिली यांच्यात नाव आणि बीफ सोडलं तर फारसं काही जुळत नाही.

टेक्ससची चिली म्हणजे मटणाच्या दाट रश्श्याच्या जवळची. राजमा नाही, टोमॅटोही जुन्या पद्धतीत नाही, सगळा खेळ मांस आणि सुक्या मिरचीचा. सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका संध्याकाळी टेबलं मांडून ही विकायच्या, त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणायचे, १९३० च्या दशकात आरोग्याच्या नियमांपायी ते बंद झालं, आणि १९७७ मध्ये हीच चिली राज्याची अधिकृत डिश झाली.

करायला सव्वा किलो चक, म्हणजे खांद्याकडचं मांस, इंचभराचे तुकडे करून. खिमा नको! ४ आंचो आणि ६ ग्वाहियो, या मेक्सिकन सुक्या मिरच्या, देठ-बिया काढून, कोरड्या तव्यावर मनुकांसारखा वास सुटेपर्यंतच, अर्धा मिनिट बास. पहिल्यांदा मी आपल्या लाल मिरच्यांसारख्या खमंग भाजल्या आणि अख्खं पातेलं कडू झालं, तो कडवटपणा मग गुळानेही जात नाही. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून बारीक वाटायच्या. मांस थोडं थोडं घालून चांगलं लाल परतायचं, मग कांदा, भरपूर लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड चमचाभर, वाटण, पाणी, आणि मंद आचेवर अडीच-तीन तास. शेवटी दोन चमचे मासा, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, दाटपणासाठी. ग्वाहियो नसेल तर ब्याडगी चालते, रंग छान येतो, पण आंचोचा गोडसरपणा ब्याडगीत नाही.

सिनसिनाटीचं सगळंच वेगळं. १९२२ मध्ये मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी एम्प्रेस नावाचं दुकान काढलं, तिथून ही सुरू झाली, म्हणून मसाला तिकडच्यासारखा, दालचिनी, लवंग आणि ऑलस्पाइस (मिरीसारखे दिसणारे, लवंग-दालचिनीच्या वासाचे दाणे) यांचा. इथे खिमाच लागतो आणि तो परतायचा नाही. किलोभर कच्चा खिमा लिटरभर गार पाण्यात हाताने कुस्करायचा, अगदी रव्यासारखा होईपर्यंत, करडं पाणी दिसतं, घाबरू नका. मग टोमॅटो सॉस, कांदा-लसूण, मिरची पावडर, जिरे, मसाले, तमालपत्र, थोडा कोको आणि व्हिनेगर घालून तीनेक तास उकळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने अख्खी उचलून काढता येते. खायची स्पगेटीवर, वर किसलेल्या चेडरचा ढीग, हे 'थ्री-वे', कांदा किंवा राजमा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. वाटीभर नुसती खाल्ली तर पातळ लागते, तशी ती खायचीच नाही.

मला विचाराल तर चार मोठी माणसं जेवायला असतील आणि दुपार हातात असेल तर टेक्सस. आपल्या जिभेला तीच पटकन पटते, भाकरीबरोबर तर फारच. घरात पोरं असतील, डब्यांत भरून फ्रीझ करायची असेल तर सिनसिनाटी, फक्त आदल्या दिवशी करायची तयारी हवी.

इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डमध्ये चिलीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एल लावतात, तिथे खिमा, राजमा आणि वर तेलाचा तवंग. आठवड्यातल्या घाईच्या दिवशी मी अशीच करते. न्यू मेक्सिकोत मात्र चिली म्हटलं की 'हिरवी की लाल?' असं विचारतात, ते मिरचीबद्दल असतं आणि मांस बरेचदा डुकराचं, त्यामुळे बीफच हवं असेल तर तिकडे जाऊ नका.

महाराष्ट्रात करणाऱ्यांसाठी, तिथे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणजे म्हशीचंच मिळणार. त्यात चरबी कमी, त्यामुळे टेक्ससवालीला तासभर जास्त धरा आणि परतताना तेल जरा सढळ हाताने घाला.