हाताने बांधलेली टॉर्च: नऊ महिने वापरल्यानंतर

ही टॉर्च बांधून नऊ महिने झाले. अंधारात पायी फिरताना, माळ्यावर काही शोधताना, पावसात गच्चीवरचं गळकं तोंड पाहताना हीच हातात असते. कमी खर्चात जास्तीत जास्त उजेड, एवढंच मनात धरून सुरुवात केली होती. आज विचाराल तर मी उजेड पहिल्या मिनिटाला मोजत नाही, दहाव्या मिनिटाला मोजतो.

सांगाडा कॉनव्हॉय एस-२ प्लसचा, म्हणजे १८६५० या आकाराच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलची साधी ॲल्युमिनियमची नळी. एलईडी ल्युमिनसचा एसएसटी-४०, ५००० केल्विनचा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर होत जातो. आधी ६५०० चा घेणार होतो, कारण तेवढ्याच करंटला तो थोडा जास्त उजेड देतो. पण त्या निळसर उजेडात ओली माती आणि पाणी वेगळं ओळखू येत नाही. ५००० घेतला याचं आजही समाधान आहे.

पैसे वाचवताना दोन ठिकाणी हात आखडता घेऊ नका. पहिली जागा म्हणजे एलईडीखालची तांब्याची चकती. साध्या ॲल्युमिनियमच्या चकतीत एलईडी आणि धातू यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर असतो आणि उष्णता तिथेच अडते. तांब्याच्या चांगल्या चकतीत एलईडीच्या खालचा मधला धातूचा भाग थेट तांब्याला डागलेला, म्हणजे कथिलाने जोडलेला असतो. हे काम मी जुन्या लोखंडी तव्यावर केलं. चकतीवर कथिलाची पेस्ट लावली, वर एलईडी ठेवला आणि आच हळूहळू वाढवली. ६३/३७ कथील १८३ अंशांना वितळतं. त्या क्षणी राखाडी पेस्ट एकदम चकाकली आणि किंचित तिरका बसलेला एलईडी आपोआप सरकून बरोबर मध्ये आला. चिमट्याने जरासा ढकलला तरी परत जागेवर येत होता. असं झालं की डाग पक्का बसला समजायचं.

दुसरी जागा सेल. १८६५० वर ९९०० एमएएच (मिलिॲम्पियर-तास, सेलच्या क्षमतेचं माप) छापलेलं दिसलं तर हात लावू नका, या आकारात साधारण ३५०० च्या आसपासच क्षमता बसते. मी ३००० चा, जास्त करंट देणारा सेल घेतला.

बाकी काम सेलला टेकणाऱ्या, करंट वाहून नेणाऱ्या स्प्रिंगचं. हे फुकटात होतं आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त. स्प्रिंगचा रोध ५० मिलिओहम धरा. ५ ॲम्पियरला पाव व्होल्ट तिथेच जातो आणि सव्वा वॉट उष्णता स्प्रिंगमध्येच तयार होते. म्हणून स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तांब्याची वायर डागली. पहिल्या वेळी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं, कथील वायरच्या तारांमधून आत चढलं आणि वायर काडीसारखी कडक झाली. मग स्प्रिंग दबेना. वायर नवी घेतली, टोकाला जेमतेम डाग दिला, मधला भाग मऊ राहू दिला.

सुरुवातीला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं छोटं सर्किट, एफईटीचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) होता, सेलमधून मिळेल तेवढा करंट थेट सोडणारा. पहिल्या रात्री वीस वॉटच्या पुढे ताकद होती, समोरचं झाड दिवसासारखं दिसलं. पण दोन मिनिटांत नळी हातात धरवेना आणि उजेड उतरू लागला. महिनाभरात तो काढला आणि ७१३५ चिपचा, करंट ठरावीक ठेवणारा ड्रायव्हर घातला. एक चिप ३५० मिलिॲम्पियरची, आठ मिळून २.८ ॲम्पियर. उजेड निम्म्याच्या आसपास आला, पण डोळ्याला तेवढा फरक जाणवत नाही आणि तो टिकतो. भरलेल्या सेलवर तासाभराच्या आसपास चालते. सेल उतरत गेला तरी बराच वेळ झोत तसाच राहतो. आज पुन्हा बांधायला बसलो तर थेट इथूनच सुरुवात करेन.

या बदलात एक चूक महागात पडणार होती. रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीचा चकचकीत धातूचा वाडगा) घट्ट करताना एलईडीभोवतीची प्लास्टिकची चकती सरकली आणि रिफ्लेक्टर धन बाजूच्या डागाला टेकला. या ड्रायव्हरमध्ये सेलचं धन टोक थेट एलईडीला जातं, नळी ऋण असते. म्हणजे सेल सरळ शॉर्ट झाला. दिवा लागला नाही, नळी मात्र गरम होऊ लागली. लगेच मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढला, म्हणून निभावलं. आता जोडणी झाली की सेल घालण्याआधी मल्टिमीटरने रिफ्लेक्टर आणि धन डाग तपासतो. तुम्हीही तपासा, एकदाही टाळू नका.

झोताचा अंदाज हवा होता म्हणून ५ मीटरवर लक्समीटर, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजणारं यंत्र, ठेवला. ३२० लक्स आले, गुणिले २५ (अंतराचा वर्ग) म्हणजे ८००० कँडेला, ही झोताची तीव्रता. उजेड पाव लक्सवर येईपर्यंतचं अंतर म्हणजे झोताचं अंतर धरतात, त्या हिशोबाने १७९ मीटर. प्रत्यक्षात ऐंशी-नव्वद मीटरवर माणूस आहे की खांब, एवढं नीट कळतं. माझ्या वापराला तेवढं पुष्कळ आहे.

तक्रारी दोनच. एकदा ड्रायव्हर जागेवर धरून ठेवणारी रिंग सैल झाली आणि दिवा फडफडू लागला, घट्ट केल्यावर थांबला. दुसरी तक्रार बटणाची, पिशवीत ते दाबलं जातं. आता पिशवीत टाकताना मागचं झाकण पाव फेरा उलट फिरवतो. नळीच्या आट्यांवर ॲनोडायझिंग, म्हणजे वीज न वाहू देणारा थर आहे, त्यामुळे तेवढ्यानेच सर्किट तुटतं. पाऊस संपला की रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावतो.

पुढच्या नळीसाठी निचिया कंपनीचा ५१९ए एलईडी आणून ठेवलाय. रंग जास्त खरे दिसतील, झोत मात्र थोडा आखूड येईल. त्याचा आकार लहान आहे, चकती वेगळी लागते. ती आली की पुन्हा तवा तापवायचा.