उतादा हिकारूचं 'ऑटोमॅटिक': वाजवायला मोठी सीडी, जपायला लहान

जपानी पॉपमधल्या उतादा हिकारूचं 'ऑटोमॅटिक / टाइम विल टेल' हे सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांसाठीची सीडी, तोशिबा ईएमआय या कंपनीने ९ डिसेंबर १९९८ रोजी एकाच दिवशी दोन मापांत काढलं: ८ सेंटिमीटरची लहान सीडी आणि १२ सेंटिमीटरची नेहमीची. मुख्य दोन गाणी दोन्हींवर तीच. जुन्या सीडींच्या दुकानात दोन्ही शेजारी दिसल्या की कुठली घ्यावी ते कळत नाही. ते ठरतं तुमच्या प्लेअरवर. पण आधी गाणं.

हे उतादाचं पहिलं सिंगल. तसं म्हणताना एक खुलासा करायला हवा. याआधी उतादाची इंग्रजी गाणी 'क्यूबिक यू' या नावाने आली होती, आणि १९९८च्याच सुरुवातीला 'प्रेशस' हा आल्बमही निघाला होता. स्वतःच्या नावाने, जपानीतून आलेलं पहिलं सिंगल मात्र हेच. तेव्हा वय पंधरा. शब्द आणि चाल दोन्ही उतादाची, 'ऑटोमॅटिक'चं संगीत संयोजन निशिहिरा आकिरा यांचं.

गाण्याचं सगळं मर्म पहिल्या ओळीत आहे. फोनची घंटा सातव्यांदा वाजते तेव्हा 'तू' रिसीव्हर उचलतोस, एवढाच तिचा अर्थ. 'सातव्यांदा'साठी जपानी शब्द 'नानाकाइमे'. उतादा तो सलग गात नाही. आधी नुसता 'ना', मग क्षणभर मोकळी जागा, आणि मग 'नाकाइमे'. पुढच्या 'बेरु'चंही तेच, म्हणजे घंटेचं: 'बे' इकडे, 'रु' पलीकडच्या तुकड्यात. मराठीत कुणी 'सा… तव्यांदा' असं गायलं तर गुरुजी पेटी थांबवतील. इथे मात्र ही तोडफोड नेमकी कामाची आहे. जपानीत प्रत्येक अक्षराला एक मात्रा, शब्दात आलेल्या 'न्'लाही स्वतःची वेगळी मात्रा; त्यामुळे एका स्वरावर एक अक्षर असं सरळ मांडलं की ओळ टपटप पडत जाते आणि आर अँड बी या संगीतप्रकाराचा झोका हरवतो. शब्द भलत्या जागी तोडल्याने जोर तालाच्या मागच्या ठोक्यावर जातो आणि जपानी ओळही झुलायला लागते. शब्द कळत नसले तरी हे ऐकू येतं. हेडफोन लावून पहिली दोन कडवी फक्त श्वास कुठे घेतला आहे तेवढ्यासाठी ऐका.

दुसरी गंमत मराठी कानाला चटकन सापडेल. धडधडीला 'दोकिदोकि', लखलखाटाला 'किराकिरा', आणि दुसऱ्या कडव्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या अक्षरांना 'चिकाचिका'. आपल्या धडधड-लखलख-लुकलुकसारखेच हे दुहेरी शब्द, तेही ध्रुवपदाच्या इंग्रजी ओळीला खेटून. प्रेमगीतात कॉम्प्युटरचा पडदा, त्यावर हात ठेवला तर ऊब जाणवते ही कल्पना, आणि साल १९९८. ही ओळ अजून शिळी झालेली नाही. फोनची घंटा झाली असेल.

आवाजात एक बारीक, जलद कंप आहे. आई फुजी केइको म्हणजे एन्का या जुन्या वळणाच्या जपानी गाण्यातलं मोठं नाव, म्हणून तो कंप तिथून आला असं सर्रास म्हटलं जातं. असेल. पण एन्कामध्ये कंप ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या स्वरावर मुद्दाम फिरवतात. इथे तो आखूड स्वरांवरही आपोआप येतो. दोन्ही एकच मानणं घाईचं वाटतं.

'टाइम विल टेल' ही दुसरी बाजू म्हणून दुर्लक्षित राहते, ते अन्यायाचं आहे. काळ गेला की कळेल, एवढंच सांगणारं गाणं. मागचे कोरसचे आवाज नीट ऐका: मुख्य ओळ ते झाकत नाहीत, तिच्या मोकळ्या जागा भरतात. १२ सेंटिमीटरच्या सीडीवर याचा डब मिक्स (गायन कमी, ताल आणि वाद्यं पुढे) आणि 'ऑटोमॅटिक'चा जॉनी व्हिशसने केलेला रिमिक्स जादा आहे. रिमिक्स क्लबसाठी म्हणून ठीक. पण हाउस या नाचाच्या संगीताचा सरळ चार ठोक्यांचा ताल खाली बसवला की वर सांगितलेला शब्द तोडण्याचा सगळा डाव फुकट जातो. एकदा ऐकून सोडून द्यावा असा.

विक्री दोन्ही मापांची मिळून वीस लाखांवर गेली. तरी जपानमधल्या विक्रीचे क्रमांक लावणाऱ्या ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत हे कधीच पहिलं आलं नाही, कारण दोन मापांची गणती वेगवेगळी झाली: मोठी दुसऱ्या क्रमांकापर्यंत, लहान चौथ्यापर्यंत. खरेदीच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की प्रती भरपूर आहेत. 'दुर्मीळ' म्हणून कुणी भाव चढवत असेल तर पुढे चला.

आता मापाचं. ८ सेंटिमीटरची सिंगल सीडी जपानमध्ये १९८८ पासून चालू झाली. तिच्या उभट पुठ्ठ्याच्या वेष्टनाला 'तान्झाकु' म्हणतात, कविता लिहायच्या कागदी पट्टीवरून. वरच्या अर्ध्या भागात प्लॅस्टिकच्या खाचेत सीडी, खालचा अर्धा भाग रिकामा, आणि मधून दुमडता येईल अशी रचना. दुमडली की खिशात मावते, पण पुठ्ठ्यावर कायमचा वळ पडतो. काहींनी तर खालचा भाग कापून टाकलेला असतो. पुठ्ठा पूर्ण उंचीचा आहे का, मधोमध पांढरी रेघ उठली आहे का आणि कडेचा रंग उन्हाने उडाला आहे का, एवढं पाहून घ्या. प्लॅस्टिकचे मधले दाते जुने झाले की ठिसूळ होतात. सीडी कडेला धरून ओढू नका. मधल्या दात्यांवर अंगठा दाबा, ती सुटून वर येते.

वाजवताना खरी भानगड होते. ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेअरमध्ये मधोमध लहान गोल खाच असते, तिच्यात ही सीडी बरोबर बसते. भोक मोठ्या सीडीइतकंच, १५ मिलिमीटरचं, त्यामुळे फिरायला अडचण नाही. फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये मात्र घालू नका: गाडीतला असो की लॅपटॉपचा. आतले रोलर १२ सेंटिमीटरच्या हिशेबाने लावलेले असतात, लहान सीडी मध्यावर पोचतच नाही आणि अडकली की मशीन उघडावं लागतं. बाहेरून लावायचं प्लॅस्टिकचं कडं मिळतं, पण फटीच्या प्लेअरमध्ये तेच निसटून आत राहण्याची भीती. उभ्या ठेवलेल्या ड्राइव्हमध्येही लहान सीडी टिकत नाही, कारण ट्रेच्या कडेचे, सीडी धरून ठेवणारे आकडे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. ड्राइव्ह आडवा करा.

म्हणून गाडीत किंवा फटीच्या ड्राइव्हच्या लॅपटॉपवर ऐकणार असाल तर १२ सेंटिमीटरचीच घ्या. ट्रेचा प्लेअर असेल आणि त्या काळाची वस्तू म्हणून ठेवायची असेल तर लहान.

दोन्हींच्या बाबतीत एक तपासणी चुकवू नका. जपानमध्ये सीडी भाड्याने देण्याचा मोठा धंदा होता. तिथून निवृत्त झालेल्या प्रतींना 'रेंटारु-ओची' म्हणतात. त्या स्वस्त असतात, पण वेष्टनावर दुकानाची चिकटपट्टी असते आणि कधी थेट सीडीवरही. सीडीवरची पट्टी सोलायला जाऊ नका. चकाकणारा धातूचा थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो. गोंदाबरोबर तोच निघून आला तर गाणं गेलं. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने परवडतात.

नुसतं गाणंच हवं असेल तर आवृत्ती पाहून निवडा. १० मार्च १९९९च्या 'फर्स्ट लव्ह' आल्बमवर आहे तो 'आल्बम एडिट', आणि २०२४च्या 'सायन्स फिक्शन' संग्रहावर नवा '२०२४ मिक्स'. सिंगलवर ऐकू आलेलं मूळ रूप हवं असेल तर नावापुढे असं काही जोडलेलं नाही ना, ते आधी बघा.