सपाटीवरचा प्लॅन यवतेश्वरच्या घाटात: साडेपाच महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये मला सलग दोन किलोमीटर धावता येत नव्हतं. सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2 तास 57 मिनिटांत पूर्ण केली. वय 42, दिवसभर बँकेत बसून काम, शाळा सुटल्यापासून धावण्याशी संबंध नाही. मधल्या काळात नवशिक्यांसाठीचा, इंटरनेटवर मोफत मिळणारा बारा आठवड्यांचा प्लॅन वापरला. यंदा कोणी पहिल्यांदाच नाव नोंदवणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

प्लॅन अगदी साधा आहे. मंगळवार, बुधवार, गुरुवार छोटे रन, शनिवारी सायकल किंवा चालणं, रविवारी लाँग रन, सोमवार-शुक्रवार सुट्टी. लाँग रन साडेसहा किलोमीटरपासून वाढत 16 पर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. हाफ मॅरेथॉनचे पूर्ण 21 एकदाही धावायला सांगत नाही. याची मला शेवटपर्यंत धास्ती होती. पण एप्रिल-मे थोडं धाव, थोडं चाल असं करत 5 किलोमीटरपर्यंत आले होते, त्यामुळे पहिला आठवडा जड गेला नाही. अजिबात धावत नसाल तर आधीचे हे दोन महिने वगळू नका.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती एकच सूचना: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. पहिले दोन आठवडे मी ती पाळली नाही. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसने धावायचे आणि तिसऱ्या किलोमीटरला धाप लागून थांबायचे. तिसऱ्या आठवड्यात 8:20 वर आले. इतकं हळू धावायची लाज वाटत होती, चालणारे काका पुढे निघून जातील असं वाटायचं. पण त्या वेगाने पहिल्यांदा 8 किलोमीटर न थांबता झाले. ऑगस्टमध्ये तितक्याच श्वासात 7:30 चा पेस यायला लागला, त्यासाठी वेगळं काही केलं नाही.

आता घाट. हा प्लॅन सपाट रस्त्यासाठी लिहिलेला आहे आणि आपली शर्यत पहिल्या निम्म्यात साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढते, दुसऱ्या निम्म्यात उतरते. शहरातलं समर्थ मंदिर ओलांडून चढ लागला की किलोमीटरचा हिशोब चालत नाही. शहरात सदर बझारमधला सपाट एक किलोमीटर आणि घाटातला एक किलोमीटर यांत माझ्या पायांना दीडपट फरक पडायचा. जूनअखेर मी प्लॅनमधले किलोमीटर मिनिटांत बदलले. 13 किलोमीटर लिहिलं असेल तर सपाटीवर मला पावणेदोन तास लागतील, म्हणून घाटात पावणेदोन तासच धावायचं: साधारण एक तास वर, पाऊण तास खाली. अंतर किती झालं ते बघायचं नाही. या एका बदलामुळे प्लॅन घाटात वापरण्याजोगा झाला, नाहीतर चौथ्या-पाचव्या आठवड्यातच सोडला असता.

चढायचं कसं ते मला घाटात दूध घेऊन उतरणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं. मी लांब ढांगा टाकत वाकून चढत होते. गाडी हळू करून म्हणाले, "ताई, पावलं बारकी टाका. मोठी टाकली की चढ अंगावर येतोय." दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. पावलं लहान, नजर दहा-पंधरा फुटांवर, हात जरा जास्त हलवायचे. पोटरी दुखायची थांबली.

उतार मात्र मी अंगावर घेतला. सातव्या आठवड्यात वरून खाली मोकळी सुटले, फार छान वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना कठडा धरून, आडवं होऊन उतरावा लागला. डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू आठवडाभर ठणकत होती. फिजिओथेरपिस्टनी समजावलं ते असं: चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, आणि सवय नसलेल्या स्नायूला तेच जास्त दुखवतं. दहा दिवस धावणं बंद. त्यांनी पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम दिला, बारा-बाराचे तीन सेट. नंतर दर रविवारी उतार थोडा थोडा वाढवला. स्नायू एकदा सरावले की पुढच्या वेळी तेवढे दुखत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलं. माझ्या मते प्लॅनमधली मोठी उणीव हीच आहे, उताराचा सराव त्यात कुठेच नाही. मी बारा आठवड्यांचे पंधरा केले, तसेच धरून चाला.

पावसाचं थोडक्यात. सुती मोजे वापरू नका, पहिल्याच भिजण्यात फोड येतात. मांड्यांना आणि काखेत व्हॅसलिन. धुक्यात पाठीवर लाल लुकलुकता दिवा हवाच. जुलै-ऑगस्टभर आमच्या गॅलरीत 'ऐक्य' दैनिकाच्या जुन्या पानांचे बोळे कोंबलेले बूट उभे असायचे, तासाभराने बोळे बदलायचे, आतली जीभ बाहेर ओढून ठेवायची, पंख्याखाली सकाळपर्यंत वाळायचे. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, डिंक सुटतो. रविवारी साडेपाचला निघा, आठच्या पुढे कास पठाराला जाणाऱ्या गाड्या सुरू होतात.

खाण्यात जेल वगैरे मला लागले नाहीत. निघण्याआधी दोन केळी, तासाभराने तीन खजूर, पाण्यात ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरच पाणी घ्या, अर्ध्या बाटलीत ओतू नका.

शर्यतीच्या दिवशी चढ 1 तास 41 मिनिटांत झाला, मधली दोन वळणं चालले. रस्त्याच्या कडेला बायका, मुलं, म्हातारी माणसं नाव माहीत नसताना ओरडत होती, ढोल-ताशा वाजत होता. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावल्या, हे वर जाताना सारखं आठवत होतं आणि छाती भरून येत होती. ज्या शेवटच्या पाच किलोमीटरची धास्ती होती ते उतारावर आले. ब्रेक न लावता, लहान पावलांनी उतरले. गुडघा दुखला नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेचा जिना सरळ उतरले. बूट आता 480 किलोमीटर चाललेत, टाचेची बाहेरची कड झिजलीय, तळवा अजून मऊ आहे. डिसेंबरपर्यंत चालवेन.