वायपर अडला: मीटर घ्यावा की साधा बल्ब?

फ्यूज बदलून झाला, रिले (वायपरला वीज सोडणारा स्विच) टिकटिकतोय, तरी वायपर हलत नाही. आता वायरी तपासायला डिजिटल मीटर घ्यावा की इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प? माझ्याकडे दोन्ही आहेत. पैसे मोजले ते मीटरला.

मीटरचे गुण आधी सांगतो. बॅटरी किती उतरलीय ते आकड्यात कळतं. बटण बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबत असेल, तर मोटरमधल्या पार्किंग स्विचचा संपर्क त्यानंच नीट तपासता येतो. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असलेल्या नव्या गाड्यांत तर बल्ब लावूच नका. तो जास्त करंट ओढतो आणि कंट्रोल युनिटला ते सोसेलच असं नाही. एअरबॅगच्या वायरींना तर हातच नको.

पण आमची गाडी जुनी पिकअप, मासळीची. मासेमारीबंदीत महिनोन्‌महिने खाऱ्या वाऱ्यात उभी. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकावं तशा कपलरमधल्या, म्हणजे वायरींच्या जोडातल्या, पितळी पिना हिरव्या पडतात.

एकदा नारळी पौर्णिमेच्या सुमारास हर्णैहून दापोलीला जाताना आसूदच्या वळणावर वायपर अर्ध्या काचेवर अडला. मोटरचा कपलर काढून दोन पिनांत मीटर लावला: १२.३ व्होल्ट. म्हटलं, वीज पोचतेय, मोटरच गेली. नवी मोटर आणली. तीही ढिम्म! शेवटी बाजारातल्या एका जुन्या वायरमननं त्याच दोन पिनांना २१ वॉटचा बल्ब लावला. बल्ब समईच्या वातीएवढा मिणमिणला. मग त्यानं बल्बची अर्थकडची वायर त्या पिनेवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि बल्ब लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंग, बॉडीतून बॅटरीला परतणारी विजेची वाट, गंजानं खाल्लेलं. बॉडीवरचा बोल्ट पॉलिश पेपरनं घासला, ग्रीस लावलं, वायपर सुरू.

मीटर खोटं बोलला नव्हता. तो सर्किटमधून जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी आकडा पुरा दाखवतो. तो बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. वाट अरुंद असली की लगेच मंदावतो. (एलईडीवाला टेस्टरही मीटरसारखाच फसवतो, दुकानदार काही म्हणो.)

मीटरनं हा दोष सापडतच नाही असं नाही. कपलर जोडलेला ठेवायचा, वायपरचं बटण चालू करायचं, एक प्रोब मोटरच्या अर्थवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंगमध्ये गडबड. पण भर पावसात एका हातानं छत्री सांभाळत हे कोण करणार? कुणाला जमत असेलही.

तुमची गाडी नवी असेल, गॅरेजला छप्पर असेल, तर मीटर घ्या, माझा हट्ट नाही. समुद्राकाठी जुनी गाडी चालवत असाल तर आधी बल्ब, होल्डर आणि दोन वायरी घ्या. मीटर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू शकतो. माझा अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा सेल संपला होता, ते मला दिवाळीला कळलं.