गोळीनं डोकं उठलं म्हणून तांबी बसवली, आठ महिन्यांनंतरचं माझं मत (सांगली)

आधी निकाल सांगते, दिवस जाऊ नयेत म्हणून बसवलेल्या तांबीला, म्हणजे कॉपर-टीला, माझ्याकडून पाचातले चार. एक का कापला ते पुढं येईलच. पण नुसते स्टार देऊन थांबले तर ज्या बायकांना गोळीचा त्रास होतोय त्यांच्या काही उपयोगाचं होणार नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी विश्रामबागला एका पतसंस्थेत काउंटरला असते. मुलगी अडीच वर्षांची, सिझर झालेलं. दुसरं मूल हवंय पण ती शाळेत गेल्यावर, म्हणजे अजून दोन-तीन वर्षं तरी नको. तिचं अंगावरचं दूध सुटल्यावर मी गोळी चालू केली आणि ती कशी, तर मेडिकलमध्ये गेले, पाळणा लांबवायची गोळी द्या म्हणलं, त्यांनी पाकीट कागदात गुंडाळून हातात दिलं, पैसे दिले, आले. ना त्यांनी बीपी विचारलं ना मी काही सांगितलं. आपल्याकडं बऱ्याच बायका गोळी अशीच चालू करतात. पाकिटात 28 गोळ्या, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. पहिल्या महिन्यात मळमळ, छाती दुखरी, मधेच थोडं डाग पडल्यासारखं. हे सहन केलं आणि ते बरोबरच होतं, कारण हा त्रास बहुतेकींचा दोन-तीन महिन्यांत आपोआप कमी होतो. रात्री जेवण झाल्यावर गोळी घेतली की मळमळ बरीच थांबते, माझीही थांबली.

पण चौथ्या महिन्यात वेगळंच सुरू झालं. पासबुक भरताना आकडे अर्धे दिसेनात. डाव्या बाजूला नागमोडी चमचमती रेघ यायची, उन्हात पत्रा चमकतो तशी, वीस-पंचवीस मिनिटं राहायची, मग ती गेली की अर्धं डोकं असं ठणकायचं की लाइट बंद करून पडून राहावं लागायचं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासून घेतले, नंबर तोच. एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले गोळीनं होतं असं, सवय होईल. आमच्या आत्तींनी जागरण, ऊन, पित्त सगळी कारणं काढली आणि सुंठीचा लेप लावून दिला. त्यांचं प्रेम होतं त्यात, पण रेघ काही जाईना.

शेवटी आमच्या गल्लीतल्या आशाताईंनी विषय ऐकला आणि म्हणाल्या गोळी आजच थांबवा, तोवर निरोध वापरा आणि उद्या केंद्रावर या. महापालिकेचं आरोग्य केंद्र. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण सिस्टरांच्या बदल्या होत असतात आणि मला आलेला अनुभव तिथं तुम्हालाही तसाच येईल असं मी सांगू शकत नाही.

तिथल्या सिस्टरनी मला वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. डोकं कुठं दुखतं, दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही दिसतं का, हाताला मुंग्या येतात का, घरात कुणाला कमी वयात पक्षाघात किंवा पायात रक्ताची गाठ झाली होती का, बीपी, तंबाखू-मिश्री, टीबीची औषधं चालू आहेत का, पाळीत अंगावरून किती जातं, दिवसाला किती पॅड लागतात, आधी कधी अंगावरून पांढरं जाऊन ताप आला होता का, आणि पुढचं मूल कधी हवंय. खरं सांगते, मला रडू आलं. एवढे महिने गोळी खाल्ली आणि यातला एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. आधी चमचमती रेघ आणि मग डोकेदुखी, याला ऑरावाली मायग्रेन म्हणतात. ज्यांना ती आहे त्यांनी इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली गोळी घ्यायची नसते, मग ती कुठल्याही कंपनीची असो, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. इथं ब्रँड बदलून भागत नाही. मळमळीला वेळ द्यायचा, डाग पडतात त्याला वेळ द्यायचा किंवा दुसऱ्या डोसची गोळी बघायची, पण ही रेघ, किंवा एकाच पायाला सूज आणि दुखणं, छातीत कळ, धाप लागणं, बीपी वाढणं यातलं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टर. त्रास म्हणजे सगळा एकच नसतो, कुठला त्रास होतोय त्यावरून पुढचं साधन ठरतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग टेबलावर सगळी साधनं मांडली त्यांनी, ट्रेमध्ये, भाजी निवडायला घेतल्यासारखी. हे मला फार आवडलं.

छाया गोळीचं मला माहीतच नव्हतं. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपल्या देशातली गोळी, 1991 पासून सहेली नावानं मिळते आणि सरकारी दवाखान्यात छाया नावानं फुकट. यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पाळी लांबते मात्र, आणि पीसीओएस (बीजकोषाचा, हार्मोनचा विकार) असेल किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर देत नाहीत. मला पाळी लांबली की धडधड होते, प्रत्येक वेळी दिवस गेले का म्हणून टेस्ट करत बसले असते, म्हणून मी नको म्हणलं. माझी एक मैत्रीण माधवनगरला आहे, ती दोन वर्षं छायावर आहे आणि एकदम खूष. रोज लक्षात ठेवायची कटकट नाही.

अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, हेही फुकट. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात आणि पाळीचं वेळापत्रक बिघडतं, कधी डाग पडत राहतात, कधी येतच नाही. शिवाय एकदा टोचलं की त्रास झाला तरी तीन महिने काढून टाकता येत नाही. मला गोळीनंच घाबरवलेलं, त्यामुळं त्रास झाला तर लगेच बंद करता येईल असंच काहीतरी हवं होतं. निरोध आम्ही मधले दोन महिने वापरलेच, लैंगिक आजारांपासून वाचवणारं साधन तेवढं एकच आहे, पण रोजच्या वापरात चुका होतात आणि आमच्या ह्यांची कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, घाईगडबडीत एकदा फाटला आणि 72 तासांच्या आतली गोळी घ्यावी लागली. ती अडचणीतली गोळी आहे, दर महिन्याला घ्यायची नाही. ह्यांनी स्वतःहून विचारलं की मी नसबंदी करून घेऊ का. तेव्हा मला फार बरं वाटलं, पण आम्हाला अजून मूल हवंय म्हणून मॅडमच म्हणाल्या आता नको, ते कायमचं समजून करायचं.

राहिली तांबी. इंग्रजी टी च्या आकाराचं इवलंसं प्लॅस्टिक, त्यावर तांब्याची तार. 380 ए म्हणजे 380 चौरस मिलिमीटर तांबं, ती दहा वर्षं चालते, 375 वाली पाच वर्षं. हार्मोन अजिबात नाही. तांब्यामुळं शुक्रजंतू निकामी होतात आणि बीजाशी गाठच पडत नाही. शंभर बायकांत वर्षाला एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात, रोजच्या गोळीत विसराविसरी धरली तर हा आकडा सात-आठाच्या घरात जातो. आणि मूल हवं झालं की काढून टाकायची, पुढच्या महिन्यापासूनच चान्स.

आता बसवायचा दिवस. पाळीच्या चौथ्या दिवशी बोलावलेलं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री असली तर कधीही बसवता येते पण पाळीत गर्भपिशवीचं तोंड थोडं मोकळं असतं. आधी हिमोग्लोबिन बघितलं, 11.4 निघालं. तासभर आधी दुखण्याची गोळी दिली. टेबलावर झोपवून आतून तपासलं, मग सळईसारख्या वस्तूनं पिशवीची लांबी मोजली, आणि हा क्षण मात्र दुखला. पाळीच्या जोरदार कळेसारखी एक कळ, मग तांबी आत सोडताना दुसरी. माझ्या तोंडून आई गं निघालं, सिस्टरनी हात धरून ठेवलेला. सगळं मिळून दहा मिनिटं. नंतर गरगरलं म्हणून अर्धा तास पडून राहिले, बिस्किट-चहा घेतला आणि ह्यांच्या गाडीवर घरी आले. काहीजणींना काहीच कळत नाही म्हणतात, मला कळलं, उगीच खोटं कशाला सांगू. खर्च काय तर केस पेपर.

केंद्राबद्दल एक तक्रार लिहितेच. तपासायच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं आणि पडदा अर्धा फाटलेला, बाहेर लसीकरणाची गर्दी. सिस्टरनी स्वतःची ओढणी खुंट्याला बांधून आडोसा केला. त्यांनी माणुसकी दाखवली म्हणून निभावलं, पण पडद्याला असे किती पैसे लागतात, ते आधी करायला पाहिजे.

आता कापलेला स्टार. माझी पाळी चार दिवसांची होती, पहिल्या दोन महिन्यांत ती सात-आठ दिवस झाली, पॅड दुप्पट, पोटात कळा. त्यात गणपती आले, घरात पाहुणे, पूजेला उभं राहायचं आणि आपलं लक्ष सगळं डागाकडं, मला वाटलं काढूनच टाकावी. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या तीन ते सहा महिने धीर धरा, कळ आली की जेवून आयब्रुफेन घ्या, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. चौथ्या महिन्यापासून खरंच कमी झालं. आता पाच दिवस, पहिल्यापेक्षा थोडं जास्तच जातं पण चालतंय. चमचमती रेघ गोळी सोडल्यावर दोन महिन्यांत एकदा आली, त्यानंतर नाही. मॅडम म्हणाल्या आली नाही म्हणून ही गोळी पुन्हा चालू करायची नाही, कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी ऑरा होती हे सांगायचं. ते मी मोबाईलमध्ये आणि केस पेपरवर दोन्हीकडं लिहून ठेवलंय.

महिन्याभरानं दाखवायला बोलावतात, ते चुकवू नका. पाळी झाल्यावर तांबीच्या टोकाचा दोरा बोटानं लागतोय का बघायचा, कारण पहिल्या काही महिन्यांत तांबी आपोआप बाहेर पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. दोरा लागेना झाला, ताप आला, ओटीपोटात सारखं दुखायला लागलं, घाण वासाचं पाणी जायला लागलं किंवा पाळी चुकली तर त्याच दिवशी जायचं. पाळी चुकली तर विशेष करून, कारण तांबी असताना क्वचित दिवस गेले तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि ते जिवावरचं असतं.

आमच्या भागात तांबीबद्दल काय काय ऐकलं, वर छातीत चढते, गंजते, नवऱ्याला टोचते. ती पिशवीत असते आणि पिशवी म्हणजे काही पोटात उघडी मोरी नव्हे. बसवताना पिशवीला छिद्र पडू शकतं हे खरं, पण हजारात एखादीला, म्हणून शिकलेल्या हातूनच बसवून घ्यायची. ह्यांना सुरुवातीला दोरा जाणवला, सिस्टरला सांगितल्यावर त्यांनी तो थोडा कापून दिला, विषय संपला.

माझं बघून जाऊबाई म्हणाल्या मलाही हीच बसवायची. त्यांना गोळीनं चिडचिड आणि उदास वाटायचं. मी त्यांना घेऊन गेले. पण त्यांचं आधीपासूनच पाळीत गाठी-गाठी जातं, हिमोग्लोबिन 8.9 निघालं. मॅडमनी सरळ सांगितलं, तांबीनं हे अजून वाढेल, आधी एवढं का जातंय ते बघू. पिशवीत गाठ वगैरे नसली तर हार्मोनची तांबी म्हणून एक प्रकार असतो, मिरेनासारखी, तिच्यातून थोडं थोडं हार्मोन आतल्या आत सुटतं आणि पाळी उलट कमी होते, पण ती खाजगीत घ्यावी लागते आणि महाग पडते, शिवाय मनावर परिणाम होतो का तेही लक्ष ठेवून बघावं लागेल. जाऊबाई नाराज झाल्या, तुला दिली मग मला का नाही म्हणून रिक्षात बोलल्याच नाहीत माझ्याशी. घरी आल्यावर मी बीट-गूळ काढून ठेवलं, लोहाच्या गोळ्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हे लिहून फ्रिजला लावलं, आणि रात्री त्यांनी स्वतःहून विचारलं की सोनोग्राफीला उपाशी जायचं का पाणी पिऊन. मंगळवारी सकाळी मिरजेला नंबर लागलाय, मी अर्धी रजा टाकलीय.