ब्लूजे: पहिल्या सहा आठवड्यांसाठी एकदम झकास, पुढचं पुढे

सेकंड इयरला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवायला लागून आठ-नऊ वर्षं झाली आणि दरवर्षी पहिल्या लेक्चरला फळ्यावर तेच, क्लास म्हणजे घराचा नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेलं घर. पोरं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात, व्हायवाला तेच घर परत माझ्या अंगावर येतं. मग विचारावं की बरं बाळा, तुझा हा प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्ट किती तयार झाले, तर पोरगं फोल्डरमधल्या फाइली मोजायला लागतं!

ह्यावर उतारा म्हणून दोन वर्षांपूर्वी लॅबमध्ये ब्लूजे, म्हणजे नवशिक्यांना जावा शिकवण्यासाठीचं सॉफ्टवेअर, टाकून घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जेडीके (जावा चालवायला लागणारं सामान) सोबतच येतो, म्हणजे तो कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगण्यात, पाथ सेट करण्यात जो अख्खा पहिला प्रॅक्टिकल जायचा तो वाचला. मायकल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग ह्या दोघांचं हे काम, आधी सिडनी युनिव्हर्सिटीत ब्लू नावाची शिकवण्यापुरती भाषा केली होती, मग जावा जोरात आली तेव्हा तीच कल्पना जावावर आणून १९९९ च्या सुमारास ब्लूजे काढलं. म्हणजे वर्गात बसलेल्या पोरांपेक्षा सॉफ्टवेअर वयाने मोठं आहे आणि दिसतंही तसंच, ते सोडून द्या. आयसीएसईच्या शाळांतून आलेली मुलं नाव ऐकलं की तोंड वाकडं करतात, मॅम हे तर दहावीतलं. पण बहुतेकांनी तिथे नुसतं मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो भाग) लिहून आउटपुट छापलेलं असतं, जे खरं बघायचं ते बघितलेलंच नसतं.

खरं बघायचं म्हणजे ऑब्जेक्ट बेंच, तयार केलेले ऑब्जेक्ट मांडायची खालची पट्टी. उघडलं की वर क्लासचे चौकोन दिसतात, कंपाइल झालेला (म्हणजे चालवण्याजोगा केलेला) नसेल त्यावर तिरप्या रेघा, कोण कोणाला वापरतो त्याला तुटक बाण. मी मेसकार्ड नावाचा क्लास देते, नाव आणि शिल्लक जेवणं एवढंच त्यात. चौकोनावर राइट क्लिक करायचं, न्यू निवडायचं, नाव आणि आकडा भरायचा, की खाली पट्टीवर एक लाल डबा येऊन बसतो. परत करा, दुसरा डबा. वर क्लास एकच, खाली डबे तीन. मी काही बोलत नाही, नुसती थांबते. आता लाल डब्यावर राइट क्लिक करून जेवण ही मेथड (क्लासमध्ये लिहिलेली कृती) चालवायची आणि इन्स्पेक्ट, म्हणजे ऑब्जेक्टच्या आतलं दाखवणारी खिडकी, उघडं ठेवलं असेल तर तीसचे एकोणतीस होताना डोळ्यासमोर दिसतात, बाकीच्या दोघांचे तीसच. नकाशा-घर प्रकरण ज्याला दोन लेक्चर लागायची ते वीस मिनिटांत उरकलं.

आणि ह्या सगळ्यात पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन कुठेच लिहावं लागत नाही. पहिल्याच दिवशी "हे चार शब्द आत्ता पाठ करा, नंतर कळेल" म्हणायची मला तर लाज वाटायची (२०२५ च्या जावा २५ मध्ये खुद्द जावानेच ती अट सैल केली, देर आए दुरुस्त आए). नाव भरताना अवतरण चिन्हं विसरणारे दरवर्षी निम्मे असतात, नुसतं राम टाइप करतात आणि कॅनॉट फाइंड सिम्बॉल हा एरर येतो, पण त्यात व्हेरिएबल आणि स्ट्रिंगमधला फरकही शिकवून होतो.

माझा सगळ्यात आवडता भाग कोड पॅड, एकेक ओळ टाइप करून लगेच चालवून बघायची जागा. तिथे पहिल्या कार्डाचं नाव टाइप केलं की शेजारी छोटा लाल आयकॉन येतो, तो ओढून बेंचवर टाकायचा नि दुसरं नाव द्यायचं. आता त्या कार्डाचे बेंचवर डबे दोन, पण ऑब्जेक्ट एकच. एकावर जेवण चालवलं आणि दुसऱ्याचं इन्स्पेक्ट उघडलं तर तिथेही एक कमी! मागच्या बाकावरून "मॅम, म्हणजे एकाच कार्डावर रूम पार्टनर जेवून गेला" असं आलं. रेफरन्सची, म्हणजे ऑब्जेक्टकडे नेणाऱ्या नावाची, ह्याहून चांगली व्याख्या मला तरी अजून सुचलेली नाही.

आता कटकटी. कोडमध्ये एक ओळ बदलून परत कंपाइल केलं की बेंच साफ, मांडलेले सगळे डबे गायब. कारण बरोबरच आहे, जुन्या क्लासचे ऑब्जेक्ट नव्या कोडला चालणार कसे, पण दहा मिनिटं खपून मांडलेला पसारा गेला की पोरं हळहळतात. दुसरं, इथे प्रोजेक्ट म्हणजे अख्खा फोल्डर, आणि सबमिशनला निम्मी जनता फक्त पॅकेज डॉट ब्लूजे ही फाइल पाठवते. त्यात चौकोन कुठे मांडलेत एवढंच असतं, कोडचा पत्ता नाही. पहिल्या वर्षी मी रात्री साडेअकरापर्यंत ग्रुपवर झिप झिप करत बसले होते.

पण मोठी अडचण वेगळीच. ऑब्जेक्ट स्वतःच्या हाताने क्लिक करून बनवायची सवय लागली की प्रोग्रॅममध्ये ते कोण बनवणार हा प्रश्नच पोरांना पडत नाही. दुसऱ्या आयडीईवर (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरवर) नेलं तर एकजण क्लासवर राइट क्लिक करून शोधत होता, इथे न्यू कुठे गेलं. शिवाय आमच्या पेपरात मेनसकट पूर्ण प्रोग्रॅम आणि आउटपुट विचारतात. म्हणून आता सहावा आठवडा संपला की ब्लूजेमध्येच मेन लिहून घेते, जे हाताने केलं तेच सगळं कोडने, आणि इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास काढणं) झाल्यावर गाशा गुंडाळते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कोणी हे वापरत असेल तर समजवा त्याला.

शिकवणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेचार. नोकरीच्या तयारीसाठी दोन, आणि ते दोनही माया म्हणून.

ह्या वर्षी व्हायवाला एका मुलीला नेहमीचा प्रश्न टाकला, ऑब्जेक्ट किती आहेत गं आत्ता? तर म्हणते, "मॅम, परत कंपाइल करायच्या आधी की नंतर?"